कठड्याची रेघ

आबा : ...आणि हे बघ, पुन्हा काळा झाला. म्हणजे तुला फोनवरून दिसणार नाही, पण झाला.

सून : ठीक आहे आबा. बटणाला हात लावू नका.

आबा : लावला.

सून : कधी?

आबा : तू सांगायच्या आधी. दाबून धरलं, बंद केला. आता सगळं शांत आहे.

माई : शांत आहे म्हणे. सकाळपासून कितव्यांदा शांत केलाय ते विचार.

सून : माई, तुम्ही तिथेच आहात होय? बरं झालं. मला सांगा, स्क्रीन काळी झाली की आबा दर वेळी बटण दाबतात?

माई : दर वेळी. मांजरानं झडप घालावी तसे. मी म्हणते, अहो, सुनेला विचारा आधी, ती दिवसभर लोकांचे कॉम्प्युटरच नीट करत असते. तर म्हणतात, तिला ऑफिसात त्रास नको. आणि आता ऐन जेवणाच्या सुट्टीत फोन लावून बसलेत.

सून : असू दे हो, माझं जेवण झालंय. आबा, पण बटण का दाबता?

आबा : कारखान्यात उभा जन्म गेला माझा. दिवा लुकलुकला, आवाज बदलला, की आधी बटण बंद आणि मग विचार. लोकांची बोटं शाबूत राहिलीत त्या नियमानं.

सून : पण तुम्ही तर वर ड्रॉइंग ऑफिसात बसायचात.

आबा : खाली मशीनच होती ना. नियम सगळ्यांना सारखा.

सून : मग ऐका. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाषी. नवा दुभाषी बसवताना जुना उठतो, नवा यायला जरा वेळ लागतो, मधे खुर्ची रिकामी. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहणारच. तुम्ही नेमकं तेव्हाच बटण दाबता. म्हणजे जुना गेला आणि नवा दारातच अडकला.

माई : अर्धी हजामत झाली आणि गिऱ्हाईक उठून गेलं.

सून : अगदी तसंच, माई. म्हणून तर मघाशी म्हणालात तशी स्क्रीनवरची अक्षरं एवढी जाड दिसताहेत.

आबा : हं. मग हे कोणी सांगायला नको का?

सून : त्यावर लिहिलेलं असतं आबा. स्क्रीन काही वेळ काळी होईल, कॉम्प्युटर बंद करू नका.

माई : मी वाचलं होतं ते. मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

आबा : हिचं सगळंच मोठ्यानं असतं. त्यातलं ऐकायचं कुठलं ते कळत नाही.

सून : पण ड्रायव्हर बदलायला सांगितलं कोणी? मी बसवून दिलेला चांगला चालत होता.

आबा : तुझ्या नवऱ्यानं.

सून : देवा. त्याला घरचा प्रिंटर माझ्याशिवाय सुरू करता येत नाही.

आबा : मी त्याला म्हटलं, स्क्रीनवर रेघ वाकडी दिसते. तो म्हणाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला, तोच रोग असणार. म्हणून बदलायला गेलो.

सून : थांबा, थांबा. म्हणजे मुळातली तक्रार काळ्या स्क्रीनची नव्हतीच?

आबा : छे. मूळ तक्रार एकच. माझी रेघ सरळ दिसत नाही. हे काळं, जाड वगैरे सगळं नंतरचं. ते माझ्या हातचं.

सून : कसली रेघ?

आबा : जिन्याची. वाचनालयाच्या जिन्याची, दुसरी कसली.

माई : तू विचारूच नकोस. त्या जिन्यानं घर डोक्यावर घेतलंय. रिटायर झाल्यापासूनचं पहिलं काम ना. जेवताना जिना, झोपताना जिना.

आबा : वाचनालयाचा जुना लाकडी जिना काढून नवा बसवायचाय. सुतार म्हणाला, ड्रॉइंग आबांचं असेल तरच मी लाकडाला हात लावतो. खरं सांगतो, बरं वाटलं ऐकून. मला वाटलं होतं, लोक विसरले असतील. तर तो आज संध्याकाळी ड्रॉइंग न्यायला येतोय. उद्या करवत लागणार. आणि लाकूड एकदा कापलं की कापलं, ते काही रबरानं खोडता येत नाही.

सून : मग आधी ड्रायव्हर नीट बसवू आणि मग रेघेकडे बघू. मी इथून ताबा घेऊ का? माउस मीच हलवते, पटकन होईल.

आबा : नको. गेल्या वेळी घेतलास तेव्हा तो बाण आपोआप फिरायला लागला, भूत शिरल्यासारखा. माझ्या टेबलावर दुसऱ्या कोणी रेघ ओढलेली मला चालत नाही. ऑफिसात साहेबांनासुद्धा चालू दिली नाही.

सून : बरं. मग मी उंटावरून शेळ्या हाकते. कॉम्प्युटर सुरू करा. आणि मागची इंटरनेटची वायर काढा, ती निळी.

आबा : इंटरनेट कशाला काढायचं?

सून : नाहीतर आपण आपला ड्रायव्हर बसवायच्या आत तो आगाऊपणा करून भलताच उतरवून घेतो. मदत करायला येतो आणि घोळ घालतो.

आबा : तुझ्या नवऱ्यासारखा.

सून : तुमच्या मुलासारखा.

माई : काढली मी वायर. हिरवी होती.

सून : हिरवी? त्या दिवेवाल्या डब्यातून येते तीच ना?

माई : तीच. मीच तर धूळ पुसते त्याच्यावरची. तू रंग विसरलीस.

सून : विसरले. आता आबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात डिस्प्लेच्या ओळीवर पिवळा त्रिकोण दिसतोय?

आबा : दिसतोय. पोटात उद्गारचिन्ह घेऊन बसलाय.

सून : त्याच्यावर उजवं बटण, मग अनइन्स्टॉल. एक चौकोन येईल, ड्रायव्हरसुद्धा पुसून टाकू का म्हणून. तिथे बरोबरची खूण करा. अर्धवट बसलेलं सगळं मुळासकट निघालं पाहिजे.

आबा : केली. गेलं. आता?

सून : आता रीस्टार्ट. बटणानं नाही. माउसनं.

आबा : माउसनंच करतोय. एवढा काही अडाणी नाही मी.

सून : सुरू झाला की समोरच एक फोल्डर आहे बघा. मीच ठेवलाय. त्याचं नाव 'आबा, हेच'.

आबा : हे असलं नाव ठेवतात का फोल्डरला?

सून : तुम्ही नेहमी दुसरंच उघडता म्हणून ठेवलं. त्यात जुना चांगला ड्रायव्हर आहे. दोनदा क्लिक करा, पुढे, पुढे. मधे एक 'क्लीन इन्स्टॉल' येईल, तिथे खूण करा.

आबा : केली. हिरवी पट्टी सरकतेय.

सून : आता दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसा.

आबा : लहान पोर आहे का मी?

सून : माई, हात धरा हो त्यांचे.

माई : धरले. लग्नात धरले होते, त्यानंतर आज.

आबा : झाला काळा. हे बघ, काळा झाला. आता?

सून : आता काही नाही. गप्पा मारायच्या. ती रेघ कशी वाकडी दिसते ते सांगा.

आबा : टोकं जागेवर असतात. मधे फुगते. पाण्यातली काठी दिसते ना, तशी. आणि एका जागी तर पुसट होते, ओल्या बोटानं पुसल्यासारखी.

सून : सगळ्याच रेघा?

आबा : जिच्याकडे बघावं ती. शेजारची बरी असते. मग शेजारचीकडे बघावं तर ती फुगते. हा ग्राफिक्सचाच खेळ आहे, दुसरं काय.

माई : परवा स्वयंपाकघराच्या दाराची चौकट फुगली म्हणाले. दमटपणानं. मी हात फिरवून बघितला, मला तर काही लागलं नाही. आणि त्याच्या आधी फरशीवाल्याला नावं ठेवत होते, लाद्या ओळीत बसवल्या नाहीत म्हणून. इतकी वर्षं त्याच लाद्यांवर चालतोय आपण. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

आबा : हिला म्हणींचा फार सोस.

सून : माई, हे कधीपासून?

आबा : आला. आला बघ. स्क्रीन आली. अरे वा. अक्षरं बारीक झाली. एकदम खणखणीत.

सून : त्रिकोण गेला?

आबा : गेला. माझे हात सोड गं आता, मुंग्या आल्या.

सून : ड्रायव्हर बसला म्हणायचा. आता तुमचं ड्रॉइंग उघडा.

आबा : उघडतोय. थांब जरा, मोठं आहे ते. हं. पायऱ्या आल्या. रंग छान दिसताहेत. पण...

सून : पण काय?

आबा : वाकड्याच आहेत अजून.

सून : तशाच?

आबा : तशाच. उलट अक्षरं बारीक झाल्यामुळे जास्तच कळतंय.

सून : स्क्रीनला पट्टी लावून बघितलीत?

आबा : काचेला स्टीलची पट्टी लावायची? ओरखडा जाईल. ड्रॉइंगला हत्यार असं घासत नाहीत.

सून : बरं, मग फोटो काढा. फोननं स्क्रीनचा फोटो काढा आणि मला पाठवा. फोन ठेवू नका, बोलत बोलत येतो काढता.

आबा : काढला. गेला का?

सून : आला. छान आलाय. आबा, मला तर सगळ्या रेघा सरळ दिसताहेत.

आबा : मोठा करून बघ. वरवर बघू नकोस.

सून : केला मोठा. सरळ आहेत. एक सोडून.

आबा : आलीस ना शेवटी वळणावर. कुठली ती?

सून : कठड्याची. सगळ्यात वरची लांब रेघ. मधे खाली झोळ आलाय तिला.

आबा : कठड्याची? वरची?

सून : हो. तेवढी एकच वाकडी आहे.

आबा : अगं, तेवढी एकच सरळ आहे.

सून : म्हणजे कशी?

आबा : ती मी आज सकाळी हातानं सरळ केली. मधे फुगलेली दिसत होती, म्हणून मधे तीन बिंदू घेतले आणि खाली ओढली. तेव्हा कुठे डोळ्याला पटली. बाकीच्या तशाच ठेवल्या, ड्रायव्हर नीट झाला की बघू म्हणून.

सून : बाकी कशाला हात लावला नाहीत ना?

आबा : नाही. एकट्या कठड्याला. का गं? तुझा आवाज असा का झाला?

सून : आबा, आत्ता काढलेला फोटो तुमच्या फोनवर उघडा बरं. त्यात कशा दिसतात रेघा?

आबा : उघडतो. हं. त्यात पण वाकड्या. कठडा सरळ. मग फोनचाही ड्रायव्हर गेला म्हणायचा.

सून : फोनचा आणि कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, आबा. माई, तुम्ही बघा फोटो.

माई : बघते. चष्मा कुठे ठेवला मी... हा. पायऱ्या सरळ आहेत. वरची ती रेघ लोंबतेय, कपडे वाळत घातल्यावर दोरी लोंबते तशी.

आबा : हिला काय कळतंय जिन्यातलं.

माई : जिन्यातलं नाही कळत. सरळ आणि वाकडं कळतं. तुमच्याशी संसार केलाय मी.

सून : आबा, टेबलाच्या खणात ती मी दिलेली पट्टी आहे ना?

आबा : आहे. रोज वापरतो. माझ्याकडच्या सगळ्या पट्ट्यांत तीच चांगली.

सून : आठवतं? लग्नाआधी पहिल्यांदा घरी आले तेव्हा घेऊन आले होते. तुम्ही माझ्यासमोरच ती कागदावर ठेवलीत, रेघ मारलीत, पट्टी उलटवलीत आणि त्याच रेघेवर दुसरी रेघ मारलीत. मला वाटलं होतं, ह्या घरात काही माझा निभाव लागत नाही.

माई : लाज वाटली होती मला. पोर एवढ्या हौसेनं घेऊन आली आणि हे तिची परीक्षा घेताहेत.

आबा : परीक्षा पट्टीची होती. पट्टीला पोट असेल तर उलटवल्यावर दोन रेघांमधे फट पडते. पट्टी खरी असेल तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. नवी पट्टी आली की हे करायचंच. तपासणं म्हणजे संशय नव्हे. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

सून : सांगितलं होतं. म्हणून आता मी सांगते ते करा. कोरा कागद घ्या. त्या पट्टीनं रेघ मारा. मग उलटवा आणि परत मारा.

आबा : पट्टीत काही दोष नाहीये.

सून : बघू तर खरं. तपासणं म्हणजे संशय नव्हे.

(पेन्सिलीचा आवाज. थोड्या वेळानं, पुन्हा एकदा.)

सून : आबा?

माई : कागद उजेडात धरून बघताहेत.

सून : आबा, फट पडली का?

आबा : नाही. एकावर एक बसल्या. केसाचाही फरक नाही.

सून : आणि रेघ सरळ आहे?

आबा : वाकडी आहे.

माई : असं कसं होईल?

आबा : तसं होत नाही. दोन्ही एकावर एक बसल्या म्हणजे पट्टी खरी. पट्टी खरी म्हणजे रेघ सरळ. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. आणि मला ती वाकडी दिसतेय. म्हणजे आता तपासायचं राहिलं काय?

सून : आबा, एक डोळा हातानं झाका. दाबू नका, नुसता झाका. आधी उजवा.

आबा : झाकला. आता... आता सरळ दिसतेय. चांगली स्वच्छ सरळ आहे.

सून : आता डावा झाका आणि उजव्यानं बघा.

आबा : अरे.

माई : काय झालं? अहो, काय झालं?

आबा : रेघ मधे नाहीच. इकडे आहे, तिकडे आहे, आणि मधे धूर आहे. तुझ्याकडे बघतोय आत्ता. तुझे कान दिसताहेत. तोंड दिसत नाही.

माई : मी इथेच आहे हो. तुमच्या समोर.

आबा : माहीत आहे गं तू समोर आहेस. आवाज तर येतोय ना.

सून : डोळा दुखतोय? लाल झालाय?

आबा : काही नाही. दुखत नाही, खुपत नाही. दुखलं असतं तर कळलं असतं की. म्हणजे मी इतके दिवस साप समजून भुई धोपटत होतो. ड्रायव्हर काढतोय, ड्रायव्हर घालतोय. चौकटीला नावं ठेवतोय. त्या फरशीवाल्याला काय काय बोललो मी.

माई : आणि मी म्हणी ऐकवत होते तुम्हाला. माझी मेलीची जीभच अशी. तुम्ही एवढी चौकट-चौकट करत होतात, मला कळायला नको होतं?

सून : कोणालाच कळत नाही, माई. एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याचं झाकून घेतो. आबा, ऐका. त्या डोळ्यांच्या दवाखान्याचे कॉम्प्युटर मीच सांभाळते ना, तिथल्या भिंतीवर चौकड्यांचा एक तक्ता आहे. एकेक डोळा झाकून बघायला सांगतात, रेघा सरळ दिसतात का वाकड्या. ज्यांना वाकड्या दिसतात त्यांना बाहेर बसवून ठेवत नाहीत. लगेच आत घेतात.

आबा : म्हणजे गंभीर असतं.

सून : लवकर बघावं लागतं. मी डॉक्टर नाही, बरं होईलच असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या सिस्टर नेहमी म्हणतात, लवकर आलेल्यांचं पुष्कळ वाचतं. उशिरा आलेल्यांचं मग कोणाच्या हातात राहत नाही. मी आत्ता त्यांना फोन करते आणि रिक्षा घेऊन निघते. तुम्ही दोघं तयार राहा.

आबा : आज नको. सुतार येणार आहे संध्याकाळी. उद्या जाऊ.

माई : सुतार गेला खड्ड्यात.

आबा : असं बोलू नये. तो माझ्या शब्दावर थांबलाय. आणि कठड्याची रेघ चुकीची आहे. ती तशीच त्याच्या हातात गेली तर उद्या तो कठडा झोळ ठेवून कापेल. तो विचारणारसुद्धा नाही. म्हणेल, आबांनी काढलंय म्हणजे काहीतरी कारण असेल.

सून : आबा, जिना एक दिवस थांबेल. डोळा थांबणार नाही.

आबा : तुला एक सांगू? ही ऐकतेय, ऐकू दे. मला भीती वाटतेय. चांगलीच भीती वाटतेय. मला दुसरं काही येत नाही गं. ना मला बाजारहाट कळत, ना चार लोकांत बोलता येत. सरळ रेघ तेवढी येते. ती दिसेनाशी झाली तर मी सकाळी उठून करू काय?

माई : माझ्याशी भांडा. त्याला काही डोळे लागत नाहीत.

सून : आबा, डावा डोळा खणखणीत आहे. आत्ताच तपासलाय आपण. तुमच्याच पद्धतीनं.

आबा : हं. ते खरं आहे.

सून : मग?

आबा : मग काय. जाऊ या. फक्त ती रेघ...

सून : ती मी...

आबा : थांब. हिला वायर लावू दे परत. हिरवी. लावलीस? हं. आता घे ताबा.

सून : नक्की?

आबा : घे म्हटलं ना. चौकट आली आहे, परवानगी द्यायची का म्हणून विचारतोय. दिली. हा बघ, निघाला तुझा बाण. तरातरा चालतो नाही?

सून : मला जिना काढता येत नाही हं. तुम्ही सांगा, मी करते.

आबा : कठड्यावर क्लिक कर. त्यावर निळे ठिपके येतील. दोन टोकांचे दोन, त्यांना हात लावायचा नाही, ते खरे आहेत. मधले तीन माझे आहेत. ते काढून टाक.

सून : हा एक.

आबा : हं.

सून : हा दुसरा. आणि हा तिसरा. झाली. आता टोकापासून टोकापर्यंत एकच रेघ आहे. मी सुताराला इथूनच पाठवते, म्हणजे त्याला यायलाच नको. पण आधी तुम्ही बघून घ्या. उजवा डोळा झाका आणि डाव्यानं बघा. हवं तर पट्टी लावा. ओरखडा गेला तर नवी स्क्रीन आणू.

माई : ही घ्या पट्टी. लावा, सावकाश लावा. ती थांबलीये.

आबा : राहू दे. पाठवून दे त्याला.

माई : अहो, न तपासता?

आबा : तिनं काढलीये ना. चल, चपला घाल.